शास्ते : इस्राएलातील देवनियुक्त नेत्यांचे नेमके काम काय होते?

अक्षरवेल (धागाकर्ती)

मराठी पवित्र शास्त्रात यहोशवा आणि रूथ या दोन पुस्तकांच्या मध्ये २१ अध्यायांचे ‘शास्ते’ नावाचे पुस्तक आहे. इंग्रजीतून हा विषय वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ‘जज’ म्हटल्याबरोबर काळा डगला, उंच आसन आणि समोर उभे असलेले वादी-प्रतिवादी येतात. पण पुस्तक उघडल्यावर एहूदाच्या मांडीला लपवलेली तलवार दिसते आणि हा न्यायाधीश कसला, असा प्रश्न पडतो. आपल्या भाषांतरकारांनी ‘न्यायाधीश’ हा तयार शब्द बाजूला ठेवून ‘शास्ता’ हा शब्द निवडला, याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर वाटतो. शासन करणारा, शिस्त लावणारा आणि प्रसंगी शिक्षा करणारा असे तीनही अर्थ त्या एका शब्दात आहेत, आणि मूळ हिब्रू ‘शोफेत’ हा शब्दही तितकाच रुंद आहे. निवाडा करणे, बिघडलेले सरळ करणे आणि कारभार पाहणे ही सगळी कामे त्या धातूत येतात.

हा शब्द केवळ इस्राएलचा नव्हता. फरात (युफ्रेटिस) नदीकाठच्या मारी नगरात इ. स. पूर्व अठराव्या शतकात ‘शापितुम’ नावाचे प्रांताधिकारी होते. कार्थेज या फिनिशियन वसाहतीत दरवर्षी निवडले जाणारे दोन ‘सुफेत’ राज्यकारभार पाहत, आणि रोमन लेखकांना ते आपल्या कॉन्सलांसारखे वाटले. मला सर्वांत जवळचे उदाहरण सोर (टायर) या फिनिशियन शहराचे वाटते. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या दीर्घ वेढ्यानंतर सोरेत काही वर्षे राजा नव्हता, त्या अवधीत शहराचा कारभार ‘न्यायाधीशांनी’ चालवला, अशी नोंद योसेफस या यहुदी इतिहासकाराने त्यांच्या नावांसह आणि प्रत्येकाच्या महिन्या-वर्षांसह दिली आहे. राजा नसताना जो कारभार पाहतो तो शोफेत, असा अर्थ तेथे स्पष्ट दिसतो.

आता शास्त्यांच्या पुस्तकातच शब्द कसा वापरला आहे ते पाहावे. दुसऱ्या अध्यायात परमेश्वर शास्ते उभे करीत असे आणि ते लोकांना लुटारूंच्या हातून सोडवत असत, असे सर्वसाधारण विधान आहे. पुढे मात्र ‘शास्ता’ हे बिरुद नावानिशी कोणाही एका माणसाला लावलेले नाही. अथनिएल, तोला, याईर, इफ्ताह, शमशोन यांनी इस्राएलाचा ‘न्याय केला’ असे क्रियापद येते, आणि एहूद, शमगार व गिदोन यांच्याबाबतीत मूळ हिब्रूत तेही येत नाही. अथनिएल आणि एहूद यांना ‘सोडवणारा’ म्हटले आहे. परमेश्वराचा आत्मा आला असे केवळ चौघांविषयी सांगितले आहे: अथनिएल, गिदोन, इफ्ताह आणि शमशोन.

माझे म्हणणे असे की शास्ता हे पद नव्हतेच. ती एका कामापुरती झालेली नेमणूक होती. तिच्यामागे राजवाडा नव्हता, खजिना नव्हता, कायमचे सैन्य नव्हते, आणि माणूस गेला की ती त्याच्याबरोबर संपत असे. ‘देवनियुक्त’ या शब्दाचा सर्वांत मोठा परिणाम मला येथे दिसतो: ज्याने नेमले त्याच्याकडे अधिकार परत जातो, मुलाकडे जात नाही. जाणकारांनी यावर आपली मते मांडावीत, ही विनंती.

सायंप्रार्थना

अक्षरवेलताई, धागा आवडला. मी अहमदनगरच्या एका मंडळीत वाढलो. संडे स्कूलमध्ये आम्हांला हे पुस्तक चक्राच्या रूपात शिकवले गेले: लोक परमेश्वराला सोडून बआल या कनानी देवाच्या मागे जातात, शत्रूच्या हाती पडतात, आक्रोश करतात, शास्ता उभा राहतो, देशाला ४० वर्षे स्वस्थता मिळते, आणि तो मेला की पुन्हा पहिल्यापासून. ही चौकट खरी आहे, पण लहानपणी माझ्या मनात ती बसली नाही. बसला तो द्राक्षकुंडातला गिदोन.

सहाव्या अध्यायाचे ते दृश्य नीट पाहावे. गव्हाची मळणी नेहमी उंचावरच्या उघड्या खळ्यावर होते, कारण वाऱ्याशिवाय भूस उडत नाही. गिदोन मात्र अफ्रा गावी द्राक्षे तुडवण्याच्या खोलगट कुंडात उतरून काठीने गहू झोडतो आहे. बैल लावले किंवा भूस उडाली तर ते लुटीला येणाऱ्या मिद्यान्यांना लांबून दिसेल आणि पीक जाईल, हे त्याला पक्के ठाऊक आहे. खड्ड्यात वाकून मूठमूठ गहू वाचवणाऱ्या या माणसाला देवदूत ‘बलवान वीरा’ म्हणून हाक मारतो. गिदोन उत्तर देतो की माझे कूळ मनश्शेत सर्वांत दुबळे आणि घरात मी सर्वांत लहान. नेमणूक कोणाची होते, ते या हाकेत आहे. बन्यामीन या नावाचाच अर्थ ‘उजव्या हाताचा पुत्र’. त्या वंशातला एहूद डावखुरा निघतो, हातभर लांबीची दुधारी तलवार उजव्या मांडीला बांधून मवाबाच्या राजापुढे जातो, आणि डावखुरेपणामुळेच त्याचा हेतू साधतो.

त्यामुळे ‘कामापुरती नेमणूक’ हे मला मान्य आहे. पण काम निवडण्याआधी माणूस निवडलेला आहे, आणि तो कोणाच्याही हिशेबात नसलेला माणूस आहे, एवढी भर घालावीशी वाटते. गिदोनाच्या तीनशे माणसांचा प्रसंगही याच रेषेत बसतो. ३२,००० जमले होते. भ्यालेल्यांना परत जा म्हटल्यावर २२,००० निघून गेले, पाण्यावरच्या परीक्षेनंतर ३०० उरले, आणि कारण स्पष्ट सांगितले आहे: आमच्या हाताने आम्ही वाचलो, असे इस्राएलाने म्हणू नये.

दस्तऐवज

मी बरीच वर्षे न्यायालयीन कामकाजात काढली आहेत, त्यामुळे माझा प्रश्न वेगळा आहे. शास्ते लढाया करीत होते, तर रोजचे तंटे कोण मिटवत होते? बांध कोणी सरकवला, गुरे कोणाच्या शेतात शिरली, विधवेची जमीन कोणी सोडवायची, हे प्रश्न शत्रू येण्याची वाट पाहत नाहीत.

त्याचे उत्तर गावाच्या वेशीत आहे. रूथच्या पुस्तकात बवाज वेशीत जाऊन बसतो, जवळचा नातलग जाताना दिसताच त्याला थांबवतो, दहा वडिलांना बोलावून बसवतो, आणि जमिनीचा व विधवा रूथच्या लग्नाचा प्रश्न त्यांच्यासमोर एका बैठकीत मिटतो. पायातले जोडे काढून देणे ही त्या व्यवहाराची खूण. ही कथा ‘शास्ते कारभार पाहत होते त्या काळात’ घडली असे पहिल्याच ओळीत सांगितले आहे, तरी तिच्यात एकही शास्ता नाही. म्हणजे दिवाणी काम गावचे वडील करीत होते. तेल दान येथील उत्खननात वेशीत दगडी बाके सापडली आहेत. ती राजेशाहीच्या काळातली असली तरी त्यांच्यावरून बैठकीची जागा डोळ्यांसमोर येते.

गावात न सुटणारे प्रकरण मात्र बाहेर जात असावे, आणि तेथे दबोरा आहे. एफ्राइमाच्या डोंगराळ मुलखात, रामा आणि बेथेल यांच्या मध्ये, एका खजुरीच्या झाडाखाली ती बसत असे आणि इस्राएल लोक न्यायासाठी तिच्याकडे चढून येत. संपूर्ण पुस्तकात प्रत्यक्ष निवाडा करताना दिसणारी ती एकटीच. सेनापती बाराकाला लढाईला बोलावण्याआधी हे काम चालू आहे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. माणसे डोंगर चढून येत होती ती तिच्याकडे सैन्य होते म्हणून नव्हे. ती संदेष्ट्री आहे, तिचा शब्द परमेश्वराचा आहे हा विश्वास होता, म्हणून निकाल बजावण्यासाठी शिपायांची गरज पडत नव्हती.

दहाव्या आणि बाराव्या अध्यायांतील तोला, याईर, इब्सान, एलोन आणि अब्दोन यांच्याविषयी जवळजवळ काहीच सांगितलेले नाही. वर्षे, मुलांची संख्या, गाढवे आणि पुरल्याचे ठिकाण, एवढेच. याईराचे ३० मुलगे ३० गाढवांवर बसत आणि त्यांची ३० नगरे होती. मार्टिन नोथ या जर्मन अभ्यासकाने १९३० मध्ये इस्राएलचा बारा वंशांचा धार्मिक संघ कल्पिला, आणि पुढे या लहान शास्त्यांना त्या संघाचे विधिज्ञ मानले. संघाची ती कल्पना आज फारशी टिकलेली नाही. पण गाढवांवर बसणारी मुले आणि नगरे यांची नोंद घरंदाज वजनदार माणसांची आहे, आणि अशा माणसांकडे तंटे येतात हे समजायला मोठ्या सिद्धांताची गरज नाही.

अष्टागर

मी बेने इस्राएली (मराठी यहुदी) घरातला, मूळ कोकण किनाऱ्यावरचा. आमच्या पूर्वजांच्या नावांत शमुवेलाचे ‘समाजी’ झाले होते. मुंबईत १७९६ मध्ये पहिले सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हेही समाजी हसाजी दिवेकर म्हणूनच ओळखले जात. शेवटच्या शास्त्याचे नाव असे मराठी ‘जी’ लावून आमच्या घरांत आले.

सिनेगॉगमध्ये तोरावाचनाचा (मोशेच्या पाच पुस्तकांच्या वाचनाचा) वर्षभराचा क्रम असतो, त्यात ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायापासून सुरू होणाऱ्या भागाचे नावच ‘शोफ्तीम’ आहे. तुझ्या सर्व वेशींत शास्ते आणि अंमलदार नेम, पक्षपात करू नको, लाच घेऊ नको, कारण लाच शहाण्याचे डोळे आंधळे करते, अशी त्याची सुरुवात आहे. दस्तऐवज यांनी सांगितलेली वेस तेथे आज्ञेच्या रूपात येते. नेमणारे तेथे लोक आहेत आणि जागा ठरलेली आहे. गिदोन किंवा दबोरा यांना असे कोणी नेमले नव्हते. एकच शब्द दोन्हींना वापरला जातो, म्हणून गोंधळ होतो.

नांगरट

धागाकर्तीच्या मांडणीशी मी बराचसा सहमत आहे, पण ‘इस्राएलाचा न्याय केला’ हे शब्द वाचून सगळ्या देशावर एकामागून एक शास्ता होता असे चित्र उभे राहते, ते तपासून घ्यावे. पुस्तकातील पारतंत्र्याची, स्वस्थतेची आणि कारभाराची सगळी वर्षे मांडली तर बेरीज ४१० होते. राजांच्या पहिल्या पुस्तकात मिसर (इजिप्त) सोडल्यापासून शलमोनाने मंदिर बांधायला घेतले तोपर्यंतचा काळ ४८० वर्षे दिला आहे. त्यात रानातली ४० वर्षे, यहोशवाचा काळ, याजक एलीची ४० वर्षे, शमुवेल, शौल आणि दाविदाची ४० वर्षे बसवायची म्हटले तर हिशेब जुळत नाही. शास्त्यांचे काळ एकमेकांवर पडत होते आणि त्यांचे क्षेत्र एखाद-दुसऱ्या वंशापुरते होते, असे मानणेच योग्य आहे. इफ्ताह यार्देन नदीच्या पूर्वेला गिलादात, शमशोन पश्चिमेला पलिष्ट्यांच्या सीमेवर, अशी ती विभागणी दिसतेही.

याचा उत्तम पुरावा पाचव्या अध्यायातले दबोरेचे गीत आहे. हिब्रू वाङ्मयातील सर्वांत जुन्या कवितांमध्ये बहुतेक अभ्यासक त्याची गणना करतात. त्यात एफ्राइम, बन्यामीन, माखीर, जबुलून, इस्साखार आणि नफताली आले, याबद्दल कौतुक आहे. रऊबेन मेंढवाड्यांत बसून राहिला, गिलाद यार्देनेपलीकडे थांबला, दान गलबतांपाशी राहिला, आशेर समुद्रकिनारी बसला, याबद्दल ठपका आहे. यहूदा आणि शिमोन यांचा तर उल्लेखच नाही. कनानी सेनापती सीसराचे ९०० लोखंडी रथ समोर असताना हाक ऐकून यायचे की नाही हे प्रत्येक वंश स्वतः ठरवत होता, आणि न येणाऱ्याला गाण्यात नाव घेण्यापलीकडे शिक्षा करण्याचे साधन दबोरेकडे नव्हते.

शमशोनाच्या बाबतीत हे आणखी बोचते. पंधराव्या अध्यायात यहूदाची ३,००० माणसे एटाम खडकाच्या कपारीत जातात ती त्याच्या मदतीला नव्हे. पलिष्टी आपले धनी आहेत हे तुला ठाऊक नाही का, असे विचारून ती त्याला दोन नव्या दोरखंडांनी बांधून शत्रूच्या हवाली करतात. देवाची नेमणूक आणि लोकांची मान्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे दिसते.

बाहेरच्या पुराव्यांविषयी थोडेच. मिसरचा राजा मर्नेप्ताह याच्या सुमारे इ. स. पूर्व १२०८ च्या शिलालेखात कनानातील एक लोकसमूह म्हणून इस्राएलचा उल्लेख आहे. तो शिलालेख फ्लिंडर्स पेट्री यांना १८९६ मध्ये सापडला. शेजारच्या नगरांच्या नावांपुढे शहराची खूण आहे आणि इस्राएलपुढे मात्र लोकांची खूण आहे, म्हणजे राजधानी किंवा राजा नसलेले लोक. खिर्बेत अर-राई येथे मडक्याच्या खापरावर ‘यरुब्बाल’ हे नाव शाईने लिहिलेले सापडले आणि २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झाले. गिदोनाचे दुसरे नाव तेच असले तरी तो हाच माणूस असे म्हणता येत नाही. त्या काळात असे नाव ठेवले जात होते, इतकेच त्यावरून सिद्ध होते.

अक्षरवेल

नांगरट यांचा क्षेत्राविषयीचा मुद्दा मला मान्य आहे. पहिल्या पोस्टमध्ये मी ते लिहायला हवे होते. देवाची नेमणूक आणि लोकांची मान्यता वेगळी, हा मुद्दा मात्र इफ्ताहाकडे नेला तर अधिक खुलतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

इफ्ताह वेश्येचा मुलगा. भावांनी वारसा नाकारून त्याला घराबाहेर काढले आणि तो टोब देशात भणंग माणसांची टोळी करून राहिला. अम्मोनी चालून आल्यावर गिलादाचे वडील त्याच्याकडे गेले आणि म्हणाले, आमचा सेनापती हो. त्याने त्यांना आधी आठवण करून दिली की तुम्हीच मला हाकलले होते. मग त्याने अट घातली: परमेश्वराने शत्रू माझ्या हाती दिला तर मी तुमचा प्रमुख होईन. सेनापती आणि प्रमुख हे मूळ हिब्रूत दोन वेगळे शब्द आहेत, पहिला लढाईपुरता आणि दुसरा कायमचा, आणि वाटाघाटी नेमकी या दोन शब्दांवर झाली. वडिलांनी परमेश्वराला साक्ष ठेवून होकार दिला, आणि इफ्ताहाने मिस्पा येथे परमेश्वरासमोर सगळा करार बोलून दाखवला. परमेश्वराचा आत्मा त्याच्यावर आला तो यानंतर. येथे नेमणूक वरून आणि खालून अशी दोन्हीकडून होते, आणि लेखक त्यातली कोणतीही बाजू लपवत नाही.

त्यानंतरही तो लगेच तलवार काढत नाही. अम्मोनी राजाकडे दूत पाठवून तो आर्णोनापासून याब्बोकापर्यंतच्या जमिनीचा इतिहास मांडतो: ही जमीन आम्ही तुमच्याकडून घेतलीच नाही, अमोऱ्यांच्या सीहोनाकडून घेतली, ३०० वर्षे आम्ही येथे राहतो आहोत, एवढ्या काळात तुम्ही ती का सोडवली नाही? दस्तऐवज यांना हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल. आणि शेवटी तो म्हणतो की परमेश्वर, जो शास्ता, तोच आज इस्राएल आणि अम्मोन यांच्यामध्ये न्याय करो. संपूर्ण पुस्तकात हे बिरुद कोणा एकाला लावलेले आहे ते एवढ्या एकाच ठिकाणी, आणि ते कोणा माणसाला नाही.

पुढे त्याच इफ्ताहाने अविचाराने नवस बोलून आपल्या एकुलत्या मुलीचा घास घेतला आणि यार्देनेच्या उतारांवर ‘शिब्बोलेथ’ हा शब्द नीट उच्चारता न येणाऱ्या एफ्राइम्यांची कत्तल केली, ज्यात ४२,००० पडले. नेमणुकीने माणूस शहाणा होत नाही. हे मी फार दुःखाने लिहिते आहे, कारण त्या मुलीचे नावही पुस्तकात नाही.

सायंप्रार्थना

अधिकार मुलाकडे जात नाही, या ताईंच्या मूळ मुद्द्यावर पुन्हा येतो. गिदोनाला लोकांनी स्पष्ट म्हटले की तू, तुझा मुलगा आणि तुझा नातू आमच्यावर राज्य करा. त्याने नकार दिला: मी नाही, माझा मुलगाही नाही, परमेश्वर तुमच्यावर राज्य करील. या उत्तरापाशी आमच्याकडे धडा संपवला जात असे. पण पुढच्याच ओळीत तो लुटीतील कुंडले मागतो, १,७०० शेकेल सोने जमते, त्याचे एफोद (याजकाचे वस्त्र) करून तो आपल्या गावात ठेवतो आणि सारे इस्राएल त्याच्या नादी लागते. एका मुलाचे नाव अबीमलेख, म्हणजे ‘माझा बाप राजा’. त्या अबीमलेखाने बआल-बरीथाच्या देवळातले ७० रुपे घेऊन गुंड जमवले आणि एकाच धोंड्यावर आपले ७० भाऊ मारले. तेबेस येथे एका बाईने बुरुजावरून जात्याची वरची तळी टाकून त्याची कवटी फोडली. मधल्या काळात वाचलेला भाऊ योथाम गरिज्जीम डोंगरावरून ओरडून सांगतो ती झाडांची गोष्ट प्रसिद्धच आहे: जैतून, अंजीर आणि द्राक्षवेल आपले तेल, गोडवा आणि रस सोडून राज्य करायला तयार होत नाहीत, तयार होते ती काटेरी झुडूप.

तरीही पुस्तकाच्या शेवटी ‘त्या काळी इस्राएलात राजा नव्हता, ज्याला जे बरे दिसे ते तो करी’ असे पालुपद येते, आणि शेवटच्या पाच अध्यायांत एकही शास्ता नाही. गिबा गावातला अत्याचार आणि बन्यामिनाचा जवळजवळ निर्वंश तेथे होतो. मला वाटते लेखकाला दोन्ही बाजू तितक्याच दुखत होत्या: राजा नसल्याचे दुःख आणि राजा होऊ पाहणाऱ्याची भीती.

दस्तऐवज

शमुवेलाशिवाय हा धागा अपुरा राहील, म्हणून लिहितो. त्याच्यात दोन्ही कामे एकत्र आली. तो दरवर्षी बेथेल, गिलगाल आणि मिस्पा असा फेरा करून तेथे न्याय करी आणि रामा येथे आपल्या घरी परत येई. तेथेही न्याय करी. गिलगाल खाली यार्देनेच्या खोऱ्यात, बाकीची ठिकाणे वर डोंगरात. दबोरेकडे लोक चढून जात होते. हा माणूस स्वतः लोकांकडे उतरून जातो आहे.

आणि त्यानेच ती चूक केली, जी अक्षरवेल यांच्या मुद्द्याच्या मुळाशी आहे. म्हातारपणी त्याने योएल आणि अबीया या आपल्या मुलांना बैर-शेबा येथे शास्ते नेमले. ते पैशाच्या मागे लागले, त्यांनी लाच घेतली आणि न्याय वाकवला. मग वडील रामा येथे येऊन म्हणाले, तुम्ही वृद्ध झालात, तुमची मुले तुमच्या वाटेने चालत नाहीत, इतर राष्ट्रांसारखा आम्हांला राजा द्या.

मूळ हिब्रूत येथे एकच क्रियापद फिरत राहते, ते ‘घेणे’. मुलांनी लाच ‘घेतली’. राजा काय करील हे शमुवेल सांगतो, त्यात तो शब्द चार वेळा येतो: तो तुमचे मुलगे रथांसाठी घेईल, मुली स्वयंपाकासाठी घेईल, चांगली शेते आणि जैतुनांचे मळे घेईल, दासदासी आणि गाढवे घेईल. आणि शौल राजा झाल्यावर, गव्हाच्या कापणीच्या दिवसांत, हा म्हातारा सगळ्या लोकांपुढे उभा राहून आपला हिशेब स्वतः मागतो. मी कोणाचा बैल घेतला? कोणाचे गाढव घेतले? कोणाच्या हातून लाच घेऊन डोळेझाक केली? परमेश्वरासमोर आणि त्याच्या अभिषिक्तासमोर माझ्याविरुद्ध साक्ष द्या, मी ते परत करतो. लोक उत्तर देतात की तुम्ही कोणाच्या हातून काहीही घेतले नाही.

अष्टागर

‘घेणे’ या शब्दाची ही साखळी माझ्या लक्षात आली नव्हती. आज संध्याकाळी मूळ पाठ काढून शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचे आठवा आणि बारावा अध्याय समोरासमोर ठेवून वाचले. शमुवेलाच्या प्रश्नात बैलानंतर लगेच गाढव येते, आणि राजा जे घेणार त्या यादीतही गाढवे आहेत.